पाठ १४ : एपिंगचं रान आणि वाटेवरची पाटी

वाचण्याआधी

तुमच्या घराजवळ एखादं जंगल आहे का? तिथे जायला तिकीट लागतं का? आणि आत शिरताना जी पाटी दिसते, ती तुम्ही शेवटची कधी पूर्ण वाचली होती?

या पाठात आपण अशी एक पाटी मराठीत वाचणार आहोत. पाटीवरची मराठी जरा ताठ असते, घरात कुणी तशी बोलत नाही. म्हणून आधी जंगलाची ओळख करून घेऊ, मग पाटी वाचू, आणि मग हे जंगल तुमच्या-माझ्यासाठी मोकळं कसं राहिलं ते पाहू. अवघड शब्दांचे अर्थ वाचता वाचता मिळतील. एखादा शब्द अडला तर थांबू नका, पुढे चला.

जंगल कुठे आहे?

लंडनच्या ईशान्येला एपिंग फॉरेस्ट आहे. दक्षिणेला ते मॅनर पार्क आणि वॉन्स्टेडच्या घरांना खेटून सुरू होतं आणि उत्तरेला एसेक्समध्ये, एपिंग गावाच्या थोडं पुढे संपतं. लांबी सुमारे १९ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे २,४०० हेक्टर. रुंदी मात्र बेताची. काही ठिकाणी तर झाडांचा नुसता पट्टा आहे आणि दोन्ही बाजूंना गाड्यांचा आवाज येतो. एपिंगजवळ एम-२५ हा मोठा रस्ता जंगलाखालून बोगद्यातून जातो आणि बोगद्याच्या वर चक्क क्रिकेटचं मैदान आहे.

'फॉरेस्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाट झाडी येते. पण जुन्या इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ होता राजाची शिकारीची जमीन. तिथे झाडं असोत, गवत असो की दलदल असो. म्हणूनच वॉन्स्टेड फ्लॅट्स हा उघडा, सपाट माळसुद्धा एपिंग फॉरेस्टचाच भाग आहे. आपल्या 'जंगल' शब्दाचीही अशीच गंमत आहे. संस्कृतात 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, उजाड प्रदेश; दाट झाडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीत या सगळ्यासाठी शब्द भरपूर आहेत. 'अरण्य' गोष्टींमध्ये भेटतं, 'वन' सरकारी कागदावर भेटतं, 'राई' म्हणजे झाडांचा लहान, दाट पुंजका, आणि 'रान' हा गावाकडचा रोजचा शब्द. शेतकरी आपल्या शेतालाही रान म्हणतो. एपिंगला मला 'रान' हाच शब्द शोभतो असं वाटतं, कारण तिथे झाडं, गवत, तळी आणि गुरं सगळंच आहे.

मुंबईला बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुम्ही गेला असाल, तर तिथलं फाटक, तिकिटाची खिडकी आणि बंद होण्याची वेळ आठवेल. एपिंगला यातलं काहीच नाही. फाटक नाही, तिकीट नाही, चालत येणाऱ्याला वेळेचं बंधन नाही. सेंट्रल लाइनने लाउटन, थेडन बॉइस किंवा एपिंग स्टेशनला उतरा आणि चालायला लागा. लिव्हरपूल स्ट्रीटहून चिंगफर्डची गाडी पकडली तर शेवटच्या स्टेशनापासून दहा-पंधरा मिनिटांत एक जुनं लाकडी घर दिसेल. आठव्या हेन्री राजासाठी १५४३ मध्ये बांधलेला हा शिकारीचा मचाण-बंगला आता संग्रहालय आहे. शेजारीच माहिती केंद्र आहे. गाडीने आलात तर मात्र बघून लावा, कारण काही वाहनतळांवर आता पैसे पडतात.

भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांना कॉनॉट वॉटर या तळ्यावर न्या. तळ्याभोवती पक्की, सपाट वाट आहे. चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी तिथे सहज फिरते. बदकं असतात, बसायला बाकं असतात. जंगलाच्या आतल्या वाटा वेगळ्या. नोव्हेंबर ते मार्च तिथे असा चिखल होतो की चप्पल एकदा रुतली की हातानेच काढावी लागते. 'थोडंसंच चालायचंय' असं म्हणून कोल्हापुरी घालून निघालेल्या आजोबांना वेळीच अडवा.

पाटी

आता पाटी वाचा. पाटीवरचे शब्द आम्ही या पाठासाठी लिहिले आहेत, पण नियम एपिंगमधलेच आहेत.

'अभ्यागतांसाठी सूचना. १. चंडोल पक्ष्यांच्या विणीच्या काळात माळाचा काही भाग तात्पुरतं कुंपण घालून बंद राहील. या भागात प्रवेश करण्यास मनाई आहे. २. या जंगलात गुरे मोकळी चरतात. त्यांच्यापासून अंतर ठेवावे. गुरांजवळ कुत्रे पट्ट्याने बांधून ठेवावे. ३. शेकोटी पेटवण्यास व बार्बेक्यू करण्यास सक्त मनाई आहे. ४. अळिंबी, फुले, झाडपाला अथवा लाकूड तोडू किंवा नेऊ नये. ५. ओक वृक्षांवरील अळ्यांना अथवा त्यांच्या जाळ्यांना स्पर्श करू नये. ६. प्राचीन तटबंद्यांवर सायकल चालवण्यास मनाई आहे. ७. वादळी वाऱ्यात जुन्या वृक्षांखाली थांबू नये.'

'अभ्यागत' म्हणजे भेट द्यायला आलेला माणूस. हा शब्द फक्त पाट्यांवर आणि कार्यालयांत भेटतो, घरी आपण 'पाहुणे' म्हणतो. 'वीण' म्हणजे पक्ष्याप्राण्यांना पिल्लं होण्याचा हंगाम. 'अळिंबी' म्हणजे मशरूम. 'तटबंदी' म्हणजे संरक्षणासाठी उभारलेला बांध किंवा भिंत. एपिंगमध्ये लाउटन कॅम्प आणि अँब्रेसबरी बँक्स या लोहयुगातल्या मातीच्या दोन तटबंद्या आहेत. वरवर त्या साध्या चढ-उतारासारख्या दिसतात, म्हणूनच सायकलवाल्यांना मोह होतो.

आता क्रियापदांकडे बघा. पाटी 'करू नका' म्हणत नाही. ती म्हणते 'करू नये', 'ठेवावे', 'मनाई आहे'. बोलणारा कोण आहे हे कळत नाही, ऐकणारा कोण हेही कळत नाही. पाटीला तेच हवं असतं. घरी मात्र माणूस समोर असतो. म्हणून भावाला आपण 'अरे, हात लावू नकोस', आजीला 'आजी, हात लावू नका हं' किंवा घरात अरे-तुरे चालत असेल तर 'आजी, हात लावू नकोस' असं म्हणतो. आणखी एक: पाटीवर 'ठेवावे', 'गुरे', 'फुले' असं लिहिलंय, पण बोलताना आपण 'ठेवावं', 'गुरं', 'फुलं' म्हणतो. लिहिण्यातली 'ए' ची मात्रा बोलण्यात बऱ्याचदा अनुस्वार होऊन येते. या पाठात आम्हीही बोलल्यासारखंच लिहिलंय, फक्त पाटी सोडून.

करून पाहा : पाटीतले दुसरे आणि पाचवे वाक्य सहा वर्षांच्या बहिणीला सांगायचे आहे. तुम्ही कसं सांगाल? मोठ्याने बोलून पाहा, मग लिहा.

पाटीमागची कारणं

नुसता नियम वाचला की राग येतो. कारण कळलं की बराचसा जातो. सगळ्या नियमांची कारणं इथे देत नाही, तीन-चार बघू.

चंडोल हा लहान, तपकिरी, सहज नजरेत न भरणारा पक्षी. पण तो गात गात सरळ आभाळात चढतो आणि ठिपक्याएवढा होईपर्यंत गातच राहतो. त्याचं घरटं झाडावर नसतं, गवतात जमिनीवर असतं. वॉन्स्टेड फ्लॅट्सवर लोक चेंडू खेळतात, कुत्री मोकळी पळतात. कुत्र्याने घरटं तुडवायला एक क्षण पुरतो. ब्रिटनमध्ये चंडोलांची संख्या इतकी घटली आहे की तो आता धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. म्हणून वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत माळाचे काही तुकडे बंद ठेवतात. तारखा आणि जागा बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी ताजी सूचना बघून घ्यायची.

आगीचं कारण त्याच माळावर घडलं आहे. १५ जुलै २०१८ ला, कोरड्या उन्हाळ्यात, वॉन्स्टेड फ्लॅट्सवरचं गवत पेटलं. विझवायला ४० बंब आणि दोनशेहून जास्त जवान लागले. लंडनमध्ये गवताला लागलेली तेवढी मोठी आग अग्निशमन दलाने तोवर पाहिली नव्हती. तेव्हा सहलीला घरून डबा न्या. थालीपीठ गारही छान लागतं.

गुरांची गोष्ट मात्र मजेची आहे. एपिंगमध्ये लांब, वाकड्या शिंगांच्या लाँगहॉर्न गाई चरतात. त्यांच्याबरोबर गुराखी नसतो आणि बऱ्याच ठिकाणी कुंपणही नसतं. गाईच्या गळ्यात एक यंत्र असतं. उपग्रहाच्या मदतीने ते तिची जागा ओळखतं. नकाशावर आखलेल्या रेषेजवळ गाय आली की यंत्रातून सूर वाजायला लागतो आणि तो चढत जातो. तरी ती पुढे गेलीच तर विजेचा छोटा झटका बसतो. गाई हुशार असतात. थोड्याच दिवसांत त्या नुसता सूर ऐकूनच मागे वळायला शिकतात. गाई चरल्यामुळे काटेरी झुडपं वाढत नाहीत, गवतातल्या फुलांना ऊन मिळतं. तुम्ही एवढंच करायचं की गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही. आणि गाय अंगावर आलीच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यायचा. गाईचा राग कुत्र्यावर असतो, आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

ओकच्या अळ्या २००६ मध्ये पहिल्यांदा पश्चिम लंडनमध्ये सापडल्या आणि तिथून पसरल्या. त्या एकामागे एक अशा रांगेने चालतात, एखादी दिंडी चालली आहे असं वाटावं. बघायला बरं वाटतं, पण त्यांच्या बारीक केसांनी अंगाला खाज सुटते आणि पुरळ येतं. गावाकडे ज्याला खाजकुयली लागली असेल त्याला जास्त समजवावं लागणार नाही.

उरला चौथा नियम. यावर मराठी घरात हमखास वाद होतो. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की टाकळा, शेवळं, कुरडू अशा रानभाज्या खुडून आणतात. रान म्हणजे भाजीची टोपली, हे आजीला शिकवावं लागत नाही. मग इथली रानटी लसूण किंवा अळिंबी का नको? एक तर माणसं खूप आहेत. लंडनएवढं शहर शेजारी असताना प्रत्येकाने एक मूठ नेली तर काही उरणार नाही. दुसरं, विषारी अळिंबी ओळखणं तज्ज्ञांनाही सोपं नसतं. आणि पडलेल्या, कुजलेल्या लाकडात सारंग भुंग्यासारखे शिंगवाले किडे वाढतात. त्यांच्या अळ्या कित्येक वर्षं त्याच लाकडावर जगतात. आपल्याला जो कचरा वाटतो, ते त्यांचं घर असतं.

पण लाकूड न नेण्याच्या या नियमात एक विचित्र गोष्ट लपलेली आहे. कारण हे रान वाचलं ते लाकूड तोडणाऱ्या माणसांमुळेच.

लाउटनचा कोयता

एपिंगमधली जुनी झाडं नीट बघा. बुंधा जाडजूड, आणि डोक्याच्या जरा वरून एकदम खूप फांद्या फुटलेल्या, जणू मूठ उघडून बोटं वर केली आहेत. अशी ५० हजारांहून जास्त झाडं इथे आहेत: बीच, ओक आणि हॉर्नबीम. शेकडो वर्षं लोकांनी त्यांच्या फांद्या ठरावीक उंचीवर छाटल्या. बुडाशी छाटलं तर नवे कोंब गुरं खातात, म्हणून वर छाटायचं. त्या फांद्यांचं सरपण व्हायचं. सरपण म्हणजे चुलीत घालायचं लाकूड.

लाउटन गावच्या लोकांना फांद्या छाटायचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत ते सरपण तोडू शकत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अशा हक्काला मराठीत नेमका शब्द आहे : 'वहिवाट'. वहिवाट मोडली तर हक्क जातो, ही समजूत लाउटनमध्येही होती. तिथे एक आख्यायिका सांगतात. एका वर्षी जमीनदाराने त्या रात्री गावकऱ्यांना मेजवानी दिली, म्हणजे मध्यरात्री कुणी रानात जाणारच नाही. पण टॉमस विलिंगेल नावाचा एक म्हातारा हळूच उठून गेला आणि तोडलेली फांदी घेऊन परत आला. हे असंच घडलं की नाही, देव जाणे. पण विलिंगेल खरा होता, आणि त्याची लढाईही खरी होती.

१८६० च्या दशकात लाउटनच्या जमीनदाराने, तो गावचा पाद्रीही होता, हजाराहून जास्त एकर रानाला कुंपण घातलं. जमिनीचे तुकडे विकले की भरपूर पैसा मिळणार होता, कारण लंडन वाढत होतं. विलिंगेलच्या घरच्यांनी कुंपणाच्या आत जाऊन फांद्या तोडल्या. १८६६ मध्ये त्याच्या घरातल्या तरुणांना तुरुंगात जावं लागलं. आदल्याच वर्षी, १८६५ मध्ये, मोकळ्या सामाईक जमिनी वाचवण्यासाठी एक संस्था लंडनमध्ये निघाली होती. तिने विलिंगेलला वकील दिले. पण १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि त्याचा खटला तिथेच थांबला.

मग सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन पुढे आलं. लंडनच्या अगदी मधल्या, एक चौरस मैलाच्या जुन्या शहराचा कारभार पाहणारी ही संस्था. जंगल तिच्या हद्दीत नव्हतंच. पण तिची थोडी जमीन जंगलाच्या दक्षिण टोकाला होती, तिथे तिने दफनभूमी केली होती. त्या जमिनीमुळे तिला रानात गुरं चारायचा हक्क मिळत होता, आणि या हक्काला गावाची सीमा नव्हती. गाय कुठल्याही गावची असो, ती पूर्ण रानात चरू शकत होती. म्हणजे कुठेही कुंपण पडलं तरी तिचं चराईचं रान कमी होणार! १८७१ मध्ये दावा लावला आणि १८७४ मध्ये निकाल लागला. कुंपणं बेकायदा ठरली. एका न आलेल्या गाईने शहराएवढं रान सोडवलं, असं म्हणायला हरकत नाही.

१८७८ मध्ये एपिंग फॉरेस्टचा कायदा झाला. हे रान कायम विनाकुंपण, विनाबांधकाम आणि लोकांच्या विरंगुळ्यासाठी खुलं ठेवायचं, अशी जबाबदारी कॉर्पोरेशनवर आली. ती आजही आहे. ६ मे १८८२ ला राणी व्हिक्टोरिया हाय बीचला आली आणि तिने रान लोकांना खुलं केल्याचं जाहीर केलं. त्याच कायद्याने लाउटनकरांचा फांद्या छाटायचा हक्क मात्र संपवला. त्याची भरपाई म्हणून जी इमारत उभी राहिली ती 'लॉपिंग हॉल', १८८४ मध्ये उघडली आणि लाउटनमध्ये आजही आहे. 'लॉपिंग' म्हणजे फांद्या छाटणं.

पुढे काय झालं? छाटणी थांबल्यावर फांद्या वाढतच गेल्या, डोकं जड झालं आणि जुनी झाडं वाऱ्यात फाटायला लागली. पाटीवरचा सातवा नियम त्यासाठीच आहे. आता कॉर्पोरेशनची माणसं निवडक झाडं पुन्हा छाटतात. फिरायला आलेले लोक त्यांना विचारतात, 'चांगली झाडं का तोडताय?'

तेच वर्ष, दुसरा कायदा

१८७८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी, त्याच राणीच्या राज्यात, भारतासाठी वेगळा वन कायदा झाला. त्याने सरकारला मोठमोठी जंगलं 'राखीव' करता आली. राखीव जंगलात गावकऱ्यांचे जुने हक्क ठरलेल्या मुदतीत नोंदवले नाहीत तर ते संपायचे. ज्यांना कागद वाचता येत नव्हता, त्यांनी नोंदवायचे कसे?

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) भागात शेतकरी भाताच्या रोपांसाठी 'राब' भाजत. म्हणजे पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, गवत आणि झाडांचा टहाळ पसरून जाळायचा. टहाळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या. म्हणजे लाउटनसारखीच छाटणी आणि तशीच वहिवाट. जंगल खात्याने त्यावर बंधनं घातली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुले यांनीही 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगल खात्यामुळे शेतकऱ्याचे हाल कसे झाले ते लिहिलं. भांडण तिथे संपलं नाही. १९३० मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला पोलिसांच्या गोळीबारात माणसं मारली गेली.

हक्क परत देणारा कायदा आला तो २००६ मध्ये. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. त्याला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवानाही. तिथे जंगल म्हणजे फिरायची जागा नाही, पोटापाण्याची जागा आहे. एपिंगची पाटी मेंढ्यात जशीच्या तशी लावली, तर चौथा नियम वाचून गावकरी हसतील की चिडतील?

आता तुम्ही लिहा

पहिलं काम. या पाठातून 'हक्क' आणि 'मनाई' यांच्या जवळ जाणारे शब्द शोधा : मुभा, वहिवाट, परवाना, बेकायदा, राखीव, खुलं. यातला एक शब्द पाठात आलेलाच नाही. तो कोणता? त्याचा अर्थ घरच्यांना विचारा.

दुसरं काम. विलिंगेलच्या घरातला एक तरुण तुरुंगातून सुटून आला आहे आणि ठाण्याचा एक शेतकरी त्याला भेटला आहे, अशी कल्पना करा. दोघांचं आठ-दहा वाक्यांचं बोलणं लिहा. ते एकमेकांना 'तू' म्हणतील की 'तुम्ही'? का?

तिसरं काम. बोरिवलीची मावशी पुढच्या महिन्यात लंडनला येते आहे आणि तिला एपिंगला जायचं आहे. तिला फोनवर पाठवायला निरोप लिहा. कोणत्या स्टेशनवर उतरायचं, पायात काय घालायचं, आणि पाटीवरचे कोणते दोन नियम तिला आधीच सांगायला हवेत, हे त्यात यायला हवं. निरोपात 'नये' हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. मावशी पाटी नाही.